उद्योजकतेचे शिक्षण : जोखीम कोणाची?

वैनगंगेच्या काठावरील मार्कंड्याची प्राचीन देवळे आणि महाशिवरात्रीची यात्रा ही चामोर्शी तालुक्याची जुनी ओळख. एरवी हा तालुका धानाचा. रेगडीच्या दिना जलाशयाचे आणि माजी मालगुजारी तलावांचे पाणी, त्यावर होणारा भात, उन्हाळ्यात तेंदूपान व मोहफूल आणि लगतच्या जंगलातील बांबू यांवर येथील संसार चालत आले. याच तालुक्यातील कोनसरी येथे आता लोह व पोलादाचा मोठा प्रकल्प आकार घेत आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज त्याचा कच्चा माल. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटर लांबीची खनिजवाहिनी आणि कोनसरीचा पेलेट प्रकल्प यांचे उद्घाटन झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा चार दशके 'उद्योगविहीन' म्हणून ओळखला गेला. ते विशेषण आता गळून पडत आहे.

अशा वेळी या भागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून एक उपदेश वारंवार ऐकू येतो : नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. हा उपदेश केवळ भाषणापुरता राहिलेला नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्राची 'स्टार्टअप इंडिया' योजना आली. २०१८ पासून उच्च शिक्षणसंस्थांत नवोपक्रम परिषदा स्थापन होऊ लागल्या आणि त्याच वर्षी राज्यानेही आपले नवउद्यम धोरण जाहीर केले. २०१९ मध्ये विद्यार्थी व प्राध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आले. उद्योजकता हा विषय अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात रुजला. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने एका पोलाद कंपनीच्या सहकार्याने गडचिरोलीत तंत्रशिक्षण संस्था उभारण्याचे पाऊलही उचलले आहे. तेव्हा उद्योजकता शिकवावी की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती चामोर्शीच्या विद्यार्थ्याला कशी शिकवावी आणि त्या शिक्षणाची किंमत कोणी मोजावी, हे दोन प्रश्न मात्र अद्याप कोणी नीट विचारलेले नाहीत.

उद्योजकता शिकविता येते काय?

उद्योजक हा जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. व्यापारी जातींत जन्मलेल्यांनी व्यापार करावा आणि इतरांनी नोकरी वा शेती, या जुन्या विभागणीचेच ते सभ्य रूप होय. या समजुतीची शास्त्रीय परीक्षा भारतातच झाली, हे येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षितांनी पुढील काळात अप्रशिक्षितांच्या तुलनेने अधिक गुंतवणूक केली व अधिक नवे उद्योग काढले, असा निष्कर्ष त्यांनी १९६९ च्या ग्रंथात मांडला. परंपरानिष्ठ राहणीमुळे माणूस उद्योगाला नालायक ठरतो, असे त्यांना आढळले नाही. याच विचारधारेतून पुढे अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था १९८३ मध्ये व औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये उभे राहिले.

तथापि काकिनाड्याच्या प्रयोगातील एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. तेथील प्रशिक्षणार्थी हे आधीच व्यवसायात असलेले लोक होते. त्यांच्याजवळ दुकान होते, थोडे भांडवल होते आणि बाजारपेठेची ओळख होती. प्रशिक्षणाने त्यांच्या इच्छाशक्तीला धार आली, हे खरे. परंतु ज्या पात्यावर ती चढविली गेली ते पाते मुळात हाती होते. वीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याजवळ असे काय असते? शहरातील विद्यार्थ्याजवळ निदान नातेवाइकाचा कारखाना, ओळखीचा व्यापारी वा दोन वर्षे घरी बसवून पोसू शकणारे आईवडील असतात. चामोर्शी तालुक्यातील शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या मुलाजवळ त्यांपैकी काहीच नसते. अनेकदा तो घराण्यातील पहिला पदवीधर असतो आणि त्याच्या पदवीवर धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून असते.

महाराष्ट्रातील आद्य उद्योजकांपैकी लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवीत. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावातील सायकलच्या दुकानातून सुरू झालेला प्रवास लोखंडी नांगरापर्यंत पोहोचला. लोखंडाने जमीन नासते, या शेतकऱ्यांच्या समजुतीमुळे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती औंधच्या संस्थानिकांनी जागा व साहाय्य दिल्यामुळे. या चरित्रातून विद्यार्थ्यांना चिकाटीचा धडा दिला जातो व तो योग्यच आहे. परंतु नांगर खपेपर्यंतचा काळ निभावून नेणारे कोणी तरी लागते आणि औंधकरांसारखा पाठीराखा लागतो, हा त्याच चरित्रातील दुसरा धडा मात्र सांगायचा राहून जातो.

धानाच्या वाणाचा धडा

या प्रश्नाचे अधिक बोलके उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम प्राथमिक शाळेत गेलेले अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या ओंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळे ठेवले, स्वतंत्र पेरले, हंगामामागून हंगाम निवड केली आणि बारीक दाण्याचा एक नवा वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून व्यापाऱ्यांनी त्याला 'एचएमटी' म्हणावयास सुरुवात केली. आज पूर्व विदर्भातच नव्हे, तर त्याबाहेरही हा तांदूळ परिचित आहे. कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने शुद्ध केलेला वाण प्रसारित केला, तेव्हा मूळ संशोधनाचे श्रेय आपणास मिळाले नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय गौरव झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांना देशातील प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत स्थान दिले. आणि ३ जून २०१८ रोजी, आर्थिक विपन्नता न संपताच, त्यांचे निधन झाले.

नियतकालिकाने 'उद्योजक' म्हटले, तरी अर्थशास्त्राच्या परिभाषेत दादाजी हे नवकल्पक होते, उद्योजक नव्हते. जोसेफ शुंपीटर यांनी १९११ च्या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला आहे. शोध लावणे ही एक क्रिया आणि तो शोध बाजारात रुजविणे ही दुसरी. दादाजींच्या वाणाभोवती दुसरी क्रिया अनेकांनी केली. बियाणे विकणाऱ्यांनी ती केली, व्यापाऱ्यांनी केली, गिरणीवाल्यांनी केली. त्या सर्वांना मोबदला मिळाला. मूळ माणसाला सन्मानचिन्हे मिळाली. पिकांच्या वाणांवरील शेतकऱ्यांचा हक्क मान्य करणारा कायदा २००१ मध्ये झाला. तोपर्यंत हे बी शेतोशेत पोहोचले होते.

ज्या प्रदेशात असा माणूस होऊन गेला, त्या प्रदेशातील उद्योजकतेच्या अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण त्याच्यावर असावयास हवे. कॅलिफोर्नियातील गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपन्यांच्या कथा विद्यार्थी कोठेही वाचतील. परंतु नोंदवही का ठेवावी, बियाणे वा यंत्राचा नमुना कोणाच्या हाती देण्यापूर्वी लेखी करार का करावा, पेटंट म्हणजे काय आणि वाणाची नोंदणी म्हणजे काय, हे प्रश्न नांदेडच्या शेतातून जितक्या स्पष्टपणे उभे राहतात, तितके परदेशी उदाहरणांतून राहत नाहीत. शिवाय जंगलाशी संबंधित ज्ञान हे बहुधा एका व्यक्तीचे नसून गावाचे असते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभेने स्वतः बांबू विकण्याचा अधिकार मिळविला. अशा गावातील ज्ञानावर एखाद्या विद्यार्थ्याने यंत्र वा औषध तयार केले, तर त्यात ग्रामसभेचा वाटा किती, याची चर्चा वर्गातच झाली पाहिजे.

तुसाची राख आणि पोलाद

आजच्या शिक्षणाचा मुख्य दोष असा, की ते 'कल्पने'पासून सुरू होते. विद्यार्थ्यांचे गट पाडले जातात, प्रत्येक गटाने एक अभिनव कल्पना सुचवावयाची, तिचा व्यवसाय-आराखडा चित्रफितीसह सादर करावयाचा आणि परीक्षकांनी त्यातून विजेता निवडावयाचा. बक्षीस वाटले की कल्पनेचे आयुष्य संपते. वस्तुतः अभियंत्याने प्रथम कल्पना नव्हे, तर वस्तू, मोजमाप आणि गिऱ्हाईक शोधले पाहिजे. चामोर्शीतच याचे एक उदाहरण घेता येईल.

धान भरडले, की वजनाच्या सुमारे २० टक्के तूस निघते. ते जाळले, की तुसाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. म्हणजे १०० क्विंटल धानामागे सुमारे २० क्विंटल तूस आणि ४ क्विंटल राख. या राखेत सिलिकेचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक असू शकते. पोलाद उद्योगात वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागावर ही राख पसरतात. त्यामुळे उष्णता कोंडून राहते आणि रस लवकर निवत नाही. त्याच राखेचा दुसरा उपयोग सिमेंट-काँक्रीटमध्ये होतो. परंतु येथेच अभियांत्रिकीचा खरा प्रश्न उद्भवतो. काँक्रीटसाठी सिलिका अस्फटिक हवी आणि त्यासाठी तूस साधारणतः ७०० अंश सेल्सियसच्या आत, नियंत्रित रीतीने जाळावे लागते. उष्णता त्याहून बरीच वाढली, की सिलिका स्फटिकरूप होऊ लागते. ती पोलादाच्या कामी चालते, पण काँक्रीटला तितकी उपयोगी नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. तात्पर्य, भट्टीचे तापमान किती ठेवावे, हे गिऱ्हाईक कोण आहे यावर ठरते. हे एक वाक्य ज्या विद्यार्थ्याला अनुभवाने समजले, त्याला उद्योजकतेचा अर्धा अभ्यासक्रम समजला असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील प्रश्न अर्थशास्त्राचे. राईस मिलमधील तूस विकाऊ आहे काय? अनेक ठिकाणी ते इंधन म्हणून आधीच खपते. मग त्याची खरी किंमत शून्य नसून इंधनाच्या किमतीइतकी ठरते. राख हलकी पण आकाराने मोठी असल्याने लांबून आणली, तर वाहतुकीचा खर्च मालाहून जास्त होतो. तेव्हा कोनसरीला पोलादाचा रस निघू लागेल, त्या वेळी जवळच्या पुरवठादाराला काही लाभ राहील काय? कामगाराच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये, यासाठी किती खर्च येईल? या सर्वांची उत्तरे कदाचित नकारार्थी येतील. तरीही विद्यार्थ्याने चार गिरण्यांत वजनकाटा घेऊन, चार मालकांशी बोलून ती काढली असतील, तर त्याचे शिक्षण झाले. हा धंदा चालणार नाही, हे पैसे गुंतविण्यापूर्वी सप्रमाण सांगता येणे, ही उद्योजकाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित विद्या आहे.

बांबूला लागणारी कीड, ओलाव्याने खराब होणारे मोहफूल, मामा तलावांतील मासळीची साठवण हे सर्व याच जातीचे प्रश्न होत. मोहफुलाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकचळवळीतून आलेली आहे. जे फूल सर्वाधिक ज्या कामासाठी विकले जाते, ते काम येथे निषिद्ध. तेव्हा मोहाचा खाद्यपदार्थ म्हणून विचार करावयाचा, तर कायदा, आरोग्य व समाजाचे मत या तिन्हींचे भान ठेवावे लागेल. केवळ नफ्याचे गणित शिकविणारे पुस्तक येथे अपुरे पडते.

जोखीम कोणी घ्यावी?

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. उद्योजक म्हणजे जोखीम घेणारा, अशी व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ करावी लागते. शुंपीटर यांनी मात्र बजावून सांगितले, की जोखीम उद्योजकाची नसते. ज्याचे भांडवल गुंतले असेल त्याची असते. उद्योजकाने भांडवलही आपलेच घातले, तर तो जोखीम घेतो ती भांडवलदार म्हणून. हा भेद पुस्तकी वाटेल, परंतु चामोर्शीच्या संदर्भात तो जीवनमरणाचा आहे. श्रीमंत प्रदेशात नवउद्योगात पैसा घालणारे व्यवसायिक गुंतवणूकदार असतात. दहा उद्योगांपैकी आठ बुडाले, तरी दोन त्यांना तारतात. येथे तो पैसा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार आणि त्यांपैकी नागरी भागात राहणारे सुमारे ११ टक्के. नक्षलवादी हिंसाचाराच्या छायेत अनेक दशके गेलेल्या या जिल्ह्यात खाजगी भांडवल आपणहून फारसे आले नाही. मग विद्यार्थ्याने जोखीम घ्यावी असे म्हणताना, प्रत्यक्षात त्याच्या बापाच्या दोन एकर धानाच्या बांधीने ती घ्यावी, असेच आपण म्हणत असतो.

'नोकरी देणारे व्हा' या उपदेशातील धोका हाच आहे. रोजगार निर्माण करण्याची जबाबदारी शासनाची, विद्यापीठाची आणि येथील खनिजावर उभ्या राहणाऱ्या मोठ्या उद्योगाची आहे. ती एका घोषणेने तरुणाच्या खांद्यावर टाकता येते, आणि तो अपयशी ठरला तर त्याच्यातच जिद्द नव्हती असेही म्हणता येते. हा न्याय नव्हे.

याचा अर्थ उद्योजकता शिकवू नये, असा नाही. ज्याला जोखीम पेलवत नाही, त्याची जोखीम शिकविणाऱ्यांनी वाटून घ्यावी, एवढाच आहे. त्यासाठी काही गोष्टी आजच्या चौकटीतही करता येण्याजोग्या आहेत. २०१९ च्या धोरणाने पदवीच्या प्रकल्पाऐवजी स्वतःच्या उद्योगावर काम करण्याची वाट मोकळी केली आहे. महाविद्यालयांनी तिचा मनापासून उपयोग करावा. परीक्षेत आराखड्याऐवजी अनोळखी गिऱ्हाइकाला केलेली विक्री आणि तिचा स्वच्छ हिशेब यांना गुण द्यावेत. मग ती विक्री पाचशे रुपयांची का असेना. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने तंत्रशिक्षण संस्थांना जिल्ह्याच्या विकासप्रश्नांशी जोडण्याचा मार्ग दाखविला आहे. तो मार्ग आणि उद्योजकतेचा तास यांची गाठ घालावी. पदवीनंतर निवडक विद्यार्थ्यांना दीड-दोन वर्षे पुरेल अशी निर्वाहवृत्ती द्यावी आणि प्रयत्न फसला, तर महाविद्यालयातील मुलाखतींतून नोकरी मिळविण्याची संधी त्या मुदतीनंतरही खुली ठेवावी. अपयशानंतर परतीची वाट असेल, तरच गरिबाचे मूल पुढे पाऊल टाकील.

दुसरे, गिऱ्हाईक. नव्या उद्योगाला अनुदानापेक्षा पहिली मागणी अधिक तारते. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणानुसार सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करणे अपेक्षित आहे आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा कंपनीला हे धोरण लागू आहे. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधनही घातले आहे. या तरतुदी आदिवासी विद्यार्थ्याला पदवीपूर्वी कोणी समजावून सांगितल्या आहेत काय? खाजगी पोलाद प्रकल्पावर असे बंधन नाही. परंतु ज्या तालुक्यात तो उभा आहे, तेथे लागणाऱ्या लहानमोठ्या वस्तू व सेवांची यादी त्याने दरवर्षी प्रसिद्ध केली आणि गुणवत्तेची अट न शिथिलता काही भाग स्थानिक नवउद्योगांसाठी राखला, तर ते दान ठरणार नाही; शहाणपण ठरेल.

तिसरे, शिक्षक. ज्याने कधी पावती फाडली नाही, त्याने उद्योजकता शिकवावी, अशी आजची सर्वसाधारण स्थिती आहे. राईस मिलचा मालक, ग्रामसभेचा हिशेब ठेवणारी तरुणी, यंत्रदुरुस्तीचे दुकान चालविणारा कारागीर यांना वर्गात बोलावून मानधन देण्यास विद्यापीठाच्या नियमांनी अडसर होता कामा नये.

बहुतेक अभियंते नोकरीच करतील आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कोनसरीच्या प्रकल्पात चामोर्शीचा मुलगा अंगमेहनतीच्या कामाऐवजी अभियंत्याच्या जागेवर लागला, तर तोही मोठाच बदल होय. परंतु खनिज संपणारे असते. धान, बांबू आणि माणसांची कसबे दरवर्षी नव्याने उगवतात. त्यांच्यावर उभे राहणारे लहान उद्योग ज्यांना काढता येतील, अशी शंभरांतील चार-पाच मुले ओळखून त्यांच्यामागे संस्थेने आपली पत उभी करणे, एवढे तरी विद्यापीठाचे काम आहे. दादाजी खोब्रागडे यांच्यामागे त्यांच्या हयातीत अशी पत कोणी उभी केली नाही. त्यांच्याच मुलुखात तंत्रशिक्षणाची नवी घडी बसत असताना ती चूक पुन्हा होणार असेल, तर अभ्यासक्रमात उद्योजकतेचा विषय असला काय आणि नसला काय, सारखेच.